दगडी ओळखायची कशानं? काळी वाटी, पॅडल, सर्फ, मीटर की लॅब

संकलन केंद्राच्या स्लिपवर एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक, ८.५ वरून ८.२ टक्क्यांवर आला, की आमच्याकडे पहिल्या शिव्या पेंडीच्या पोत्याला बसायच्या. मग उसाच्या वाढ्याला. मग बोअरच्या पाण्याला. गाईच्या कासेकडे बघायचं सगळ्यात शेवटी सुचायचं, कारण कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, गाय निवांत रवंथ करतेय. चार महिन्यांनी त्यातल्याच एका गाईचं मागचं डावं सड दगडासारखं झालं आणि ते कायमचं गेलं. तीन सडांची ती गाय अजून आमच्या दावणीला आहे.

वाळवा तालुक्यात आमचा नऊ एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाईंचा गोठा आहे. धारा, वैरण आणि नोंदवही माझ्याकडे. आमच्या भागात कासदाहाला दगडी म्हणतात आणि सगळा घोटाळा या नावातच आहे. कास दगड होईस्तोवर कुणी त्याला आजार धरतच नाही. खरी नुकसानी होते ती त्याआधी, सुप्त कासदाहात. त्यात डोळ्यांना काही दिसत नाही, दूध मात्र हळूहळू कमी होत जातं.

दूध तपासायच्या बहुतेक पद्धती मी स्वतःच्या हातानं करून पाहिल्या. त्यातल्या दोन चक्क उलट्या केल्या. नवीन गोठा घालणाऱ्यांनी तेच पुन्हा करू नये, म्हणून हे लिहिते आहे.

## १. आधी प्रश्न ठरवा, मग चाचणी

"सगळ्यात चांगली चाचणी कोणती?" असं मला बायका विचारतात. तसं काही नसतं. प्रत्येक चाचणी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते.

- आजचं दूध कॅनमध्ये ओतायचं का? यासाठी काळी वाटी.
- चार सडांपैकी दुखणं कोणत्या सडात आहे? यासाठी पॅडलची चाचणी, म्हणजे सीएमटी. ती नसेल तर सर्फची.
- दुखणं किती आहे, वाढतंय का उतरतंय? यासाठी सोमॅटिक सेल काउंट, म्हणजे दुधातल्या पेशींची मोजणी.
- जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल? यासाठी फक्त लॅबमधलं कल्चर, म्हणजे दुधातला जंतू वाढवून ओळखणं.

पहिल्या तिन्हींतली एकही चाचणी औषधाचं नाव सांगत नाही. पॅडलवर दूध घट्ट झालं म्हणून मेडिकलमधून ट्यूब आणून सडात भरणं, ही आमच्या वाडीतली सगळ्यात महागडी सवय आहे. मीही ते केलेलं आहे.

## २. जवळ काय ठेवायचं

- काळ्या रंगाची वाटी. स्ट्रिप कप विकत मिळतो. नसेल तर स्टीलच्या वाटीवर काळं सुती फडकं ताणून बांधा
- चार खणांचं पांढरं पॅडल आणि सीएमटीचं जांभळं द्रावण
- कापूस, ७० टक्के स्पिरिट, पातळ रबरी हातमोजे
- निर्जंतुक नमुना बाटल्या. लघवी तपासायला मेडिकलमध्ये मिळते तसली सीलबंद चालते
- न पुसला जाणारा मार्कर, चिकटपट्टी
- बर्फ आणि थर्मास किंवा छोटी थर्मोकोलची पेटी
- धार काढून झाल्यावर सड बुडवायचा कप आणि आयोडीनचं द्रावण
- दोनशे पानी वही

कागदपत्रं म्हणाल तर गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक, व्यायल्याची तारीख, कितवं वेत, आणि आधी कोणकोणती औषधं दिली त्याची यादी. हे चारही लॅबच्या फॉर्मवर विचारतात आणि ऐनवेळी हमखास आठवत नाहीत. मी वहीच्या पहिल्याच पानावर नऊ गाईंचे बिल्ले लिहून ठेवलेत.

## ३. काळी वाटी, रोज, दोन्ही वेळा

धार काढायच्या आधी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन चिळकांड्या काळ्या फडक्यावर घ्या. गुठळी, ताक फुटल्यासारखे कण, पाणचट निळसरपणा, पिवळट पू किंवा रक्ताची छटा दिसली, तर त्या गाईचं दूध वेगळं काढा. पांढऱ्या भांड्यात हे कण दिसतच नाहीत. म्हणून काळं.

दोन चुका सगळीकडे बघते. पहिली, चिळकांडी तळहातावर घेऊन बघणं. तोच हात पुढच्या सडाला आणि पुढच्या गाईला लागतो. दुसरी, चिळकांडी जमिनीवर मारणं. गाय तिथंच बसणार आहे.

आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, थेंब जिभेवर ठेवून सांगायच्या, "ह्या सडाचं खारट लागतंय गं." खोटं नव्हतं ते. सुजलेल्या कासेतून दुधात मीठ, म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, जास्त उतरतं आणि गोडी देणारी दुग्धशर्करा घटते. मीटरची चाचणी याच गोष्टीवर चालते. पण कच्च्या दुधातून ब्रुसेला, क्षय असले रोग माणसाला होतात, तेव्हा जिभेचं मीटर बंद. आत्यांना ते पटायला वर्ष गेलं.

काळी वाटी फक्त उघड दुखणं दाखवते. सुप्त कासदाहात फडकं स्वच्छ राहतं, आणि फडकं स्वच्छ आहे म्हणून गाय बरी आहे असं मानून आपण बसतो.

## ४. पॅडलची चाचणी: एवढी एक नीट शिका

बाकी काही जमलं नाही तरी ही जमवाच. कॅलिफोर्नियात १९५७ साली निघाली म्हणून कॅलिफोर्निया मस्टायटीस टेस्ट, सीएमटी. डॉक्टर नुसतं 'पॅडल मारलं का?' असं विचारतात.

यात होतं असं. सडात जंतू शिरला की गाईचं शरीर तिथं पांढऱ्या पेशी पाठवतं, म्हणून दुधात पेशी वाढतात. द्रावणातलं साबणासारखं रसायन त्या पेशी फोडतं, आतला डीएनए बाहेर येतो आणि त्याच्या धाग्यांनी दूध चिकट होतं. पेशी जास्त, तेवढा चिकटपणा जास्त. द्रावणाचा जांभळा रंग दुधाचा आम्लपणा कळण्यासाठी असतो. गडद जांभळं झालं तर दूध अल्कली बाजूला झुकलंय. पण निकाल मुख्यतः घट्टपणावर लावायचा, रंगावर नाही.

कृती अशी:

1. सडं कोरडी पुसा. पहिल्या दोन-तीन चिळकांड्या काळ्या वाटीत जाऊ द्या.
2. पॅडलची मूठ नेहमी एकाच दिशेला धरा. मी गाईच्या शेपटीकडे धरते. म्हणजे कोणता खण कोणत्या सडाचा, यात गोंधळ होत नाही.
3. चारही सडांचं थोडं थोडं दूध आपापल्या खणात घ्या. मग पॅडल तिरकं करून जादा दूध सांडून द्या, प्रत्येक खणात साधारण २ ते ३ मिलि उरलं पाहिजे.
4. जेवढं दूध तेवढंच द्रावण टाका. अंदाजानं कमी-जास्त झालं की निकाल बिघडतो.
5. पॅडल आडवं ठेवून हळूहळू गोल फिरवा, पीठ चाळताना मनगट फिरतं तसं. साधारण १० सेकंद.
6. फिरवता फिरवताच बघा आणि लगेच बोलून दाखवा, दुसऱ्यानं वहीत लिहावं. हलका चिकटपणा थोड्याच वेळात विरून जातो.
7. पॅडल धुऊनच पुढच्या गाईकडे जा. आधीचा चिकट थेंब राहिला तर पुढची गाय उगाच बदनाम होते.

निकाल असा वाचायचा:

- निगेटिव्ह: पाण्यासारखं खळखळ वाहतं. पेशी साधारण २ लाखांपर्यंत, प्रति मिलि.
- ट्रेस: तळाला किंचित चिकटपणा, फिरवत राहिलं की नाहीसा होतो. साधारण दीड ते ५ लाख.
- एक: दूध स्पष्ट दाटतं, पण गोळा होत नाही. ४ ते १५ लाख.
- दोन: लगेच दाटतं आणि फिरवताना मधोमध सरकतं. ८ ते ५० लाख.
- तीन: अंड्याच्या पांढऱ्यासारखा गोळा, मध्ये उंचवटा, पॅडल तिरकं केलं तर एकदम सटकन पडतो. ५० लाखांच्या वर.

आकडे एकमेकांवर चढलेले दिसतील. ते तसेच आहेत, कारण हा हातानं लावलेला अंदाज आहे. एक का दोन यावर नवऱ्याशी वाद घालू नका. चार खणांतला फरक बघा. तीन खण पाण्यासारखे आणि एक दाट, तर त्या सडात दुखणं आहे. चारही खण सारखेच थोडे दाट, तर आधी गाय कोणत्या अवस्थेत आहे ते बघा.

इथंच नवख्यांचा पाय घसरतो. नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक आणि पहिल्या चार-पाच दिवसांचं दूध पॅडलवर दाट दिसतंच. आटायला आलेल्या गाईचंही तसंच, कारण दूध कमी आणि पेशी तेवढ्याच, म्हणून दाटी वाढते. माझी पहिलीच चाचणी व्यायल्यानंतर तिसऱ्या दिवशीच्या गाईवर होती. चारही खण जांभळी लापशी. मी रात्री साडेनऊला डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, ते चीक आहे. आठवड्यानं परत करा आणि मग फोन करा." आठवड्यानं चारही खण पाणी.

आणखी एक. चाचणी ताज्या दुधावर, गोठ्यातच करा. सकाळचं दूध तसंच ठेवून संध्याकाळी पॅडल मारू नका.

किती दिवसांनी? आम्ही महिन्यातून एकदा सगळ्या गाईंवर करतो, आणि एसएनएफ दोन-तीन दिवस सलग पडला तर त्या दिवशी. एसएनएफ उन्हानं पडतो, वैरण बदलली तरी पडतो, म्हणून त्यावरून निदान करू नये. पण तो पडला की पॅडल काढावं, हे मी त्या तीन सडांच्या गाईकडून शिकले.

## ५. सर्फची चाचणी, गरिबाचं पॅडल

द्रावण संपलंय, दुकान बंद आहे, अशा वेळी घरातली कपड्याची पावडर कामाला येते. तत्त्व तेच, साबण पेशी फोडतो. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम पावडर, म्हणजे ३ टक्के. वाटीत एका सडाचं दूध आणि तेवढंच हे पाणी घेऊन साधारण मिनिटभर गोल हलवा. चिकट तार किंवा गोळा झाला तर सड संशयित.

दोन गोष्टी सांभाळा. प्रत्येक कंपनीची पावडर सारखी नसते, म्हणून शेजारी नेहमी पॅडलवर निगेटिव्ह आलेल्या सडाचं दूध घेऊन तुलना करा. आणि रंग नसल्यानं हलका दोष यात निसटतो. पॅडलवर जो ट्रेस दिसतो, तो सर्फमध्ये मला क्वचितच दिसला. दोन आणि तीन मात्र बरोबर पकडते. तपासलेलं दूध मांजरालाही घालू नका, साबण आहे तो.

## ६. पट्ट्या आणि मीटर

पट्ट्यांवर मी जास्त लिहीत नाही. निरोगी दुधाचा पीएच साधारण ६.५ ते ६.८, कासदाहात तो ७ च्या आसपास किंवा वर जातो, आणि पट्टी पिवळसर होती ती हिरवी-निळी होते. अडचण अशी की पीएच चांगलाच चढायला दुखणंही चांगलंच चढलेलं लागतं. शिवाय दूध थोडं आंबलं की पीएच खाली येतो आणि आजारी दूध निरोगी दिसतं. स्वस्त आहे, खिशात राहते, एवढंच.

मीटरचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथं मी तोंडावर आपटले. आत्यांच्या जिभेला जे खारट लागायचं, तेच मीटर मोजतं. मीठ वाढलं की दुधातून वीज जास्त सहज वाहते. निरोगी गाईच्या दुधाची विद्युतवाहकता २५ अंश सेल्सिअसला साधारण ४ ते ५.५ मिलिसिमेन्स प्रति सेंमी असते, कासदाहात ती वाढते. म्हणजे आकडा जास्त, तर सड संशयित.

आता गोम. बाजारातली काही यंत्रं वाहकता न मोजता विजेला होणारा विरोध मोजतात. त्यांच्यावर आकडा कमी आला तर सड संशयित. मी पाहुण्यांकडून उसनं आणलेलं यंत्र दुसऱ्या प्रकारचं होतं, माहितीपत्रक हरवलेलं. मी चार दिवस वहीत एका गाईचं पुढचं उजवं सड 'सगळ्यात चांगलं' म्हणून लिहीत होते, कारण आकडा सगळ्यात खाली. पाचव्या दिवशी त्याच सडातून काळ्या फडक्यावर गुठळ्या आल्या. वहीतल्या त्या चार ओळी मी खोडल्या नाहीत, लाल पेनानं चौकट केली.

मीटर घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: आकडा वर चांगला का खाली चांगला? मग ही पथ्यं:

- मोजायचं नेहमी धारेच्या सुरुवातीचं दूध. मधलं किंवा शेवटचं घेतलं तर साय वाढते आणि आकडा बदलतो.
- यंत्र तापमान आपोआप धरत नसेल, तर थंड दुधावर वापरू नका.
- एका सडाचा एकच आकडा घेऊन निर्णय नको. त्याच गाईची चार सडं आपसात ताडून बघा, आणि तीच गाय कालच्याशी.

मिल्किंग मशीनला जोडलेली मोठी यंत्रं रोजच्या रोज असं ताडून बघतात, म्हणून तिथं ही पद्धत शोभते. नऊ गाईंच्या गोठ्यात माझं मत पॅडललाच.

## ७. सोमॅटिक सेल काउंट

पॅडल अंदाज देतं, इथं प्रत्यक्ष मोजून आकडा येतो. निरोगी सडाच्या दुधात प्रति मिलि १ लाखाच्या आत पेशी असतात. २ लाखांच्या वर गेल्या की त्या सडात संसर्ग आहे असं धरतात. युरोपात डेअरीला घालायच्या दुधासाठी कायद्यानं ४ लाखांची मर्यादा आहे.

रिपोर्टवर नमुना कशाचा आहे ते आधी बघा. एका सडाचा, एका गाईच्या चारही सडांचा मिळून, की अख्ख्या कॅनचा? समजा एका सडात ८ लाख पेशी आहेत आणि बाकीच्या तीनमध्ये ५० हजार. चारही सडं सारखंच दूध देतात असं धरलं, तर गाईचा एकत्र आकडा येतो २ लाख ३७ हजार, म्हणजे जेमतेम रेषेवर. प्रत्यक्षात आजारी सड कमी दूध देतं, म्हणून एकत्र आकडा याहूनही खाली येतो. नऊ गाईंच्या कॅनमध्ये तर ते सड पार बुडून जातं. कॅनचा आकडा चांगला आला म्हणून पेढे वाटायचे नाहीत, आणि वाईट आला तर प्रत्येक गाईवर पॅडल मारून सड शोधायचं.

## ८. कल्चरचा नमुना: इथं हात स्वच्छ, डोकं थंड

औषध ठरवायला हाच एक रस्ता. नमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पुढे पाठवता येतो. आमच्या बाजूला शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा ओलांडला की. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. कुठंही द्यायचा असला तरी आधी फोन करून विचारा: कोणत्या दिवशी घेतात, फॉर्म कोणता, डॉक्टरांचं पत्र लागतं का. शनिवारी दुपारी थर्मास घेऊन बंद दारासमोर उभं राहण्यात काही गंमत नाही.

माझा पहिला नमुना वाया गेला. बाटली निर्जंतुक होती, बर्फ होता, सगळं होतं. पण कास धुतल्यावर मी ती नीट कोरडी केली नव्हती. नमुना घेताना कासेवरून पाण्याचा एक ओघळ सडावर आला, सडावरून अंगठ्यावर, आणि अंगठ्यावरून थेंब सरळ बाटलीत. मी तो पडताना पाहिला आणि 'एका थेंबानं काय होतंय' म्हणून झाकण लावलं. रिपोर्ट आला: तीन-चार प्रकारच्या जंतूंची मिश्र वाढ, नमुना दूषित, पुन्हा पाठवा. आठवडा गेला, गाईचं दुखणं तेवढं पुढं गेलं.

बरोबर पद्धत:

1. औषधाच्या आधी. अँटिबायोटिक सुरू केल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू बहुधा वाढतच नाही आणि रिपोर्ट कोरा येतो. कोरफड-हळद-चुन्याचा लेप लावत असाल तर तोही नमुना घेतल्यावर.
2. बाटलीवर आधीच लिहा. बिल्ला क्रमांक, सड, तारीख, वेळ. ओल्या बाटलीवर मार्कर उठत नाही. सडासाठी मी पु-उ, पु-डा, मा-उ, मा-डा असं लिहिते, आणि उजवं-डावं गाईच्या बाजूनं धरते. हे फॉर्मवरही स्पष्ट लिहा.
3. हातमोजे घाला. कास फार मळलेली असेल तरच धुवा, आणि धुतली तर कागदानं पूर्ण कोरडी करा.
4. पहिल्या दोन-तीन चिळकांड्या काळ्या वाटीत टाका.
5. स्पिरिटच्या बोळ्यानं सडाचं टोक घासा. प्रत्येक सडाला नवा बोळा, आणि बोळा पांढरा निघेस्तोवर. पलीकडची सडं आधी पुसायची, अलीकडची नंतर. स्पिरिट वाळू द्या.
6. नमुना घेताना उलट क्रम. अलीकडची सडं आधी, पलीकडची नंतर, म्हणजे पुसलेल्या सडाला आपली बाही लागत नाही.
7. झाकण खाली ठेवू नका. आतली बाजू जमिनीकडे करून करंगळीत धरा. बाटली आडवी तिरकी धरून धार आत मारा, म्हणजे वरून केस, शेण, धूळ पडत नाही. सडाचा बाटलीच्या तोंडाला स्पर्श नको.
8. ५ ते १० मिलि पुरे. बाटली भरू नका.
9. लगेच बर्फात, आणि २४ तासांच्या आत लॅबमध्ये.

शेपटी धरायला एक माणूस लागतोच. आमच्याकडे ते काम मामंजी करतात, आणि "आणि किती वेळ?" एवढंच विचारत राहतात.

## ९. रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टवर जंतूचं नाव असतं आणि खाली औषधांची यादी, प्रत्येकापुढे एस, आय किंवा आर. एस म्हणजे जंतू त्या औषधाला दबतो, आय म्हणजे मधलं, आर म्हणजे दबत नाही. यादीतलं पहिलं एस बघून स्वतः इंजेक्शन आणू नका. कोणतं औषध सडात पोचतं, किती दिवस द्यायचं, हे डॉक्टरांचं काम. तुम्ही नाव मात्र नीट वाचा, कारण त्यावरून गोठ्यात काय बिघडलंय ते कळतं.

स्टॅफिलोकोकस ऑरियस आला तर तो हातातून, फडक्यातून, मशीनच्या कपातून गाई-गाईंत फिरतोय. हा चिवट आहे, कासेत लपून बसतो, जुना झाला की औषधालाही नीट दाद देत नाही. त्या गाईची धार सगळ्यात शेवटी काढा. स्ट्रेप्टोकोकस अगॅलॅक्टिई हाही असाच पसरतो, पण पेनिसिलिनच्या गटातल्या औषधांना सहसा चांगला दबतो. ई. कोलाय किंवा क्लेबसिएला आला तर दोष शेणाचा, ओल्या जागेचा, भुश्श्याच्या अंथरुणाचा. धार काढणाऱ्याला बोलण्याआधी जमीन बघा. यीस्ट, म्हणजे बुरशी आली, तर अँटिबायोटिक बंद करायला लागतं. ती बऱ्याचदा आपणच अस्वच्छ हातानं भरलेल्या ट्यूबमधून आत जाते.

'वाढ नाही' असा रिपोर्ट म्हणजे गाय बरी, असं नव्हे. स्टॅफ ऑरियस रोज दुधात उतरत नाही, आज असेल, उद्या नसेल. ई. कोलायचा गाईच्या शरीरानं आधीच निकाल लावलेला असू शकतो. पॅडल अजूनही दोन-तीन दाखवत असेल तर काही दिवसांनी पुन्हा नमुना द्या.

रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस तरी जातात. गाय तापलीय, चारा सोडलाय, कास लालबुंद आहे, तर रिपोर्टची वाट बघायची नाही. नमुना घेऊन ठेवा आणि डॉक्टरांना त्याच तासाला बोलवा. १९६२ वर फोन केला तर सरकारी फिरत्या दवाखान्याची सोय आहे. गाय खातेय-पितेय आणि फक्त पॅडल दाट आहे, तर घाई नको. अशा सुप्त दुखण्यावर बऱ्याचदा दुधात असताना औषध न देता, आटवताना भरायच्या ट्यूबनं उपचार करायचं डॉक्टर ठरवतात.

उपचार सुरू असताना एक गोष्ट आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हती. ट्यूब एका सडात भरली तरी चारही सडांचं दूध बाजूला काढायचं असतं, कारण औषध रक्तातून इतर सडांत उतरतं. किती दिवस, ते ट्यूबच्या वेष्टनावर छापलेलं असतं. ते वेष्टन मी वहीत चिकटवते.

## १०. वही कशी लिहायची

एका गाईला एक पान. पानावर चार रकाने, चार सडांचे. महिन्याला एक ओळ: तारीख, प्रत्येक सडाचं पॅडल, त्या दिवसाचा फॅट आणि एसएनएफ, दूध किती. औषध दिलं तर लाल पेनानं. बास. मोबाइलचं ॲपही वापरून बघितलं, पण शेणाच्या हातानं वही उघडते, मोबाइल उघडत नाही.

सहा महिने झाले की पान स्वतःच बोलायला लागतं. आमच्या एका गाईचं मागचं उजवं सड सलग पाच महिने 'एक' होतं. औषध नाही, गुठळी नाही, फक्त एक, एक, एक. सहाव्या महिन्यात दोन झालं, तेव्हा नमुना पाठवला आणि स्टॅफ निघाला. नुसत्या नजरेवर राहिले असते, तर ते सडही गेलं असतं.

आटवायच्या आधी, म्हणजे व्यायला साधारण दोन-सव्वादोन महिने उरले असताना, पूर्ण पान डॉक्टरांसमोर ठेवा. आटताना पॅडल फसवं होतं हे वर सांगितलंच आहे, म्हणून त्या दिवशीच्या चाचणीपेक्षा मागच्या सहा महिन्यांच्या ओळी दाखवा. आमचे डॉक्टर आता गोठ्यात आले की गाईच्या आधी वही मागतात.